जालना रोडने गुरुत्वीय लहरींकडे

मुकुंदवाडी हे छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडचं जुनं गाव. आता ते शहरात पुरतं मिसळून गेलं आहे. एका अंगाला सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची एमआयडीसी आणि विमानतळ, मधून जालना रोड, आणि मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग. त्या मार्गावर मुकुंदवाडीचं स्वतःचं छोटं स्टेशन आहे. जालना, परभणी, हिंगोली, नांदेडकडून कामधंद्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबं या भागात राहतात. सणावाराला ती गावी निघाली की पूर्वेकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मीही पूर्वेकडेच निघाले होते. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. ती जागा मला डोळ्यांनी पाहायची होती.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी या वेधशाळेसाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्राचे मुख्य भाग अमेरिका देणार; जमीन, इमारती, निर्वात नळ्या, उभारणी आणि पुढची वर्षानुवर्षांची चालवणूक भारताची. यातून निघणारं ज्ञान मात्र साऱ्या जगाचं. मुकुंदवाडीत या प्रवासाची गोष्ट काढली तेव्हा समोरून प्रश्न आला तो सरळ होता: टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात आकाशाच्या अभ्यासासाठी एवढा पैसा कशाला, आणि तोही सगळ्या जगात वाटून घेण्यासाठी? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जागेवर जाऊन शोधावं असं मला वाटलं.

औंढ्याला जाण्याचे दोन मार्ग आहेत. रेल्वेने जालना, परभणी करत पूर्णा जंक्शन गाठायचं, तिथून अकोल्याकडच्या गाडीने वसमतमार्गे हिंगोली, आणि मग बसने मागे औंढा. दुसरा मार्ग रस्त्याचा: जालना, मंठा, जिंतूर आणि औंढा, सुमारे दोनशे किलोमीटर. नांदेडकडे जाणाऱ्या काही एसटी गाड्या याच वाटेने जातात. मी रस्ता धरला, कारण मराठवाड्याची जमीन कशी बदलत जाते ते खिडकीतून नीट दिसतं.

चिकलठाणा मागे पडलं की कारखाने विरळ होतात आणि काळी जमीन सुरू होते. जालना येतं ते लोखंडाच्या सळया आणि बियाणं घेऊन. पोलादाच्या भट्ट्या आणि बियाणे कंपन्या या दोन धंद्यांनी हे शहर उभं केलं आहे. जालन्यानंतर रस्ता आग्नेयेला वळतो. फेब्रुवारीचे दिवस होते. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या उभ्या होत्या, कुठे हरभरा काढणीला आला होता, कुठे ज्वारी निसवून दाणा भरत होती. खाली सगळीकडे एकच खडक: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला दख्खनचा बसाल्ट.

मंठ्याहून एक फाटा उत्तरेला लोणारकडे जातो. सवड असेल तर प्रवाशाने तिकडे जरूर वळावं. उल्कापाताने बसाल्टमध्ये झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर त्यातल्या सरोवरामुळे आज पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. पण माझ्या प्रवासाशी त्याचं नातं वेगळं. लोणारचं विवर उल्काघातानेच झालं हे ठामपणे सांगणारा शोधनिबंध १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, आणि त्यामागे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संशोधक एकत्र होते. चंद्रावरची कितीतरी विवरंही बसाल्टमधलीच, म्हणून चांद्रमोहिमांच्या त्या काळात जगाला लोणार हवं होतं. ते इथंच होतं, आणि इथल्या माणसांवाचून त्याचा अभ्यास होणार नव्हता. पन्नास वर्षांनंतर पुन्हा याच पट्ट्यातल्या जमिनीची जगाला गरज पडली आहे.

जिंतूरला बस बराच वेळ थांबते. तिथे शेजारी येऊन बसले ते औंढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. कुठे निघालात म्हणून त्यांनी विचारलं आणि लायगोचं नाव ऐकताच त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “मॅडम, मुलं मला रोज विचारतात, सर, ते यंत्र काय मोजणार आहे? मी सांगतो. पण मलाच एकदा नीट ऐकायचंय.” मग पुढचा रस्ता आम्ही त्याच विषयावर बोलत काढला.

आइन्स्टाइनने १९१६ मध्ये मांडलं की प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरल्या की अवकाशाचा पोतच हलतो आणि ते कंपन लहरींच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने सर्वदूर पसरतं. या गुरुत्वीय लहरी. त्या पृथ्वीवरून जाताना एका दिशेचं अंतर किंचित ताणतात आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेचं आकुंचित करतात. लायगोचं यंत्र म्हणूनच इंग्रजी एल अक्षरासारखं काटकोनात असतं. प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब. कोपऱ्यातून लेझरचा किरण दुभागून दोन्ही भुजांत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही किरण पुन्हा एकत्र करून पाहायचं. भुजांच्या लांबीत फरक पडला की एकत्र आलेल्या प्रकाशात तो दिसतो. हा फरक असतो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा.

“एवढं मोजता येतं?” सरांनी विचारलं. येतं, पण त्यासाठी काय काय करावं लागतं तीच खरी कहाणी आहे. आरसे शुद्ध सिलिका काचेचे, प्रत्येकी ४० किलो वजनाचे, आणि ते जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्याच तंतूंवर टांगलेले. एकाखाली एक असे चार लंबक, म्हणजे जमिनीची थरथर खाली येईपर्यंत विरून जाते. किरण जातो त्या नळीतली हवा इतकी काढून टाकलेली की आतला दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका उरतो. पोलादाला चिकटलेले वायू निघून जावेत म्हणून अमेरिकेत या नळ्या महिनाभर दीडशे अंशांहून अधिक तापवल्या गेल्या. पृथ्वीची वक्रतासुद्धा हिशेबात घ्यावी लागते, कारण ४ किलोमीटरांत ती मीटरभराहून अधिक उतरते आणि किरणाला मात्र सरळच जायचं असतं.

जिंतूर आणि औंढ्याच्या मधे पूर्णा नदी ओलांडावी लागते. वर येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं याच नदीवर आहेत. परभणी आणि हिंगोलीच्या शेतीचा मोठा आधार त्यांच्या कालव्यांवर उभा आहे. येलदरी हे नाव उच्चारलं की तिथली जुनी माणसं भरलेलं धरण किती वर्षांपूर्वी पाहिलं ते सांगू लागतात. सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं काम पिढ्यांना कसं पुरतं, याचा दाखला त्यांना पुस्तकात शोधावा लागत नाही.

औंढा नागनाथ हे मराठवाड्यातलं मोठं तीर्थक्षेत्र. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून इथं वर्षभर गर्दी असते, आणि महाशिवरात्रीला तर गाव फुलून जातं. मंदिराच्या भिंतींवरचं शिल्पकाम थांबून पाहण्याजोगं आहे. गाभारा जमिनीखाली आहे. वाकून, खाली उतरून दर्शन घ्यावं लागतं. संत नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू इथंच भेटले अशी परंपरा आहे, आणि नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही आख्यायिकाही इथलीच. नामदेवांचं नर्सी गाव याच जिल्ह्यात. तिथून निघालेला हा संत पंजाबपर्यंत गेला आणि त्याची पदं गुरू ग्रंथ साहिबात सामावली गेली. या मातीतून निघालेला विचार दूर जाऊन तिकडचाच होऊन जातो, याची इथल्या माणसांना जुनी ओळख आहे.

औंढ्याहून उत्तरेला दुधाळ्याकडे निघालं की रस्ता अरुंद होतो. वाटेत हळदीची वावरं. हिंगोली जिल्हा आज हळदीसाठी ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फेब्रुवारी म्हणजे हळद काढण्याचे आणि शिजवण्याचे दिवस. रानात कुकर पेटलेले होते, वाफेत शिजलेल्या हळकुंडांचा उग्र वास पसरला होता आणि ताडपत्र्यांवर पिवळे ढीग वाळत होते. एका आखाड्यावर थांबून मी पाणी मागितलं. वयस्कर काका पुढे आले. मी कशासाठी आले ते ऐकून म्हणाले, “ते काय, त्या माळाच्या तिकडं. आत सोडत नाहीत. पण बाहेरून बघा की.”

प्रकल्पासाठी १७४ एकर जमीन राज्य सरकारने ताब्यात दिली. ११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली. पूर्ण करण्याचं उद्दिष्ट २०३० चं आहे. बाहेरून पाहणाऱ्या माणसाला दिसतो तो सपाट माळ, आणि नेमकी ती सपाटी आणि शांतताच इथली संपत्ती आहे. देशभरातल्या अनेक जागा तपासून ही जागा निवडली गेली. निकष कडक होते: जवळ रेल्वे नको, अवजड वाहतुकीचा महामार्ग नको, खाणींचे सुरुंग नकोत, समुद्राच्या लाटांची धडधड नको, आठ किलोमीटर नळी टाकता येईल इतकी समतल जमीन हवी, खाली भक्कम खडक हवा, आणि तरीही शास्त्रज्ञांना येता-जाता यावं. ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, त्या निवांतपणाला इथं मोल आलं आहे.

काकांनी विचारलेला प्रश्न मात्र मला थांबवून गेला. “ताई, मागं भूकंपाचा धक्का बसला होता की. मग एवढं नाजूक मशीन इथं कसं टिकायचं?” धक्का खरा होता. मार्च २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, जुलैत पुन्हा तेवढाच. आणि किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. मी त्यांना सांगितलं ते असं: इमारत आणि यंत्र अशा धक्क्यांचा विचार करूनच आखावं लागतं. धक्का आला की आरसे डोलतात, मोजणी काही तास थांबते, मग पुन्हा सुरू होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेला मोठा भूकंपही अमेरिकेतल्या वेधशाळांना असा थांबवतो. क्वचित बसणारा धक्का सोसता येतो. रात्रंदिवस चालणारी थरथर मात्र सोसता येत नाही. ते ऐकून काकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न केला: “आणि आमच्या पोरांना काय मिळंल त्यातून?” या प्रश्नाकडे मी शेवटी येते.

आधी हे सांगायला हवं की अमेरिकेकडे दोन वेधशाळा असताना तिसरी इथं का. वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड आणि लुइझियानातलं लिव्हिंग्स्टन ही लायगोची दोन ठिकाणं, एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर लिव्हिंग्स्टनला आली आणि सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. १.३ अब्ज प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, आणि सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाइतकी ऊर्जा लहरींतून निघून गेली होती. शोध अद्भुत होता, पण ती घटना आकाशात नेमकी कुठे घडली हे दोन वेधशाळांना सांगता आलं नाही. शेकडो चौरस अंशांचा पट्टा तेवढा दाखवता आला. पूर्ण चंद्र आकाशाची पाव चौरस अंशापेक्षाही कमी जागा घेतो, म्हणजे तो पट्टा किती मोठा ते ध्यानात येईल.

दोन वर्षांनी, १७ ऑगस्ट २०१७ रोजी, इटलीत पिसाजवळची ‘व्हर्गो’ ही तिसरी वेधशाळा जोडीला होती. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली आणि जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत नेमकी झाली. तेवढ्यावर जगभरच्या सत्तरच्या आसपास दुर्बिणी त्या दिशेला वळल्या आणि १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत तो प्रकाश सापडला. सोनं, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींतून घडतात याचा भक्कम पुरावा हाती आला. त्याच घटनेच्या रेडिओ लहरी पुढचे कित्येक महिने टिपणाऱ्यांत आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बीणही होती. तीन ठिकाणांमुळे हे झालं. आणखी एक ठिकाण पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला असेल तर आकाशाचे जे भाग आज नीट सापडत नाहीत तेही नेमके होतील. जपानने जमिनीखाली ‘काग्रा’ बांधली आहे. भारताची वेधशाळा झाली की ही साखळी पृथ्वीभोवती खऱ्या अर्थाने पुरी होईल. जागा हीच भारताची देणगी आहे. ती अमेरिकेला पैशाने विकत घेता येत नाही.

आणि ती यंत्रसामग्री तरी एकट्या अमेरिकेची कुठे आहे? लायगोच्या आजच्या, सुधारलेल्या यंत्राच्या लेझरमागे जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या माक्स प्लांक संस्थेचं काम आहे. आरसे टांगण्याच्या काचतंतूंमागे स्कॉटलंडचं ग्लासगो विद्यापीठ आहे. ऑस्ट्रेलियाचाही त्यात वाटा आहे. आणि भारताचा वाटा तर पहिल्या लहरीच्याही आधीपासूनचा. कृष्णविवर हेलकावल्यावर कसं शांत होत जातं ते सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं. बंगळुरूला बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर या लहरींच्या आकाराची गणितं सोडवली. पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी गोंगाटातून लहरीची ओळख पटवण्याच्या पद्धतीचा पाया घातला. २००९ मध्ये ‘इंडिगो’ हा भारतीय गट स्थापन झाला. तरीही तिसऱ्या यंत्राचा प्रस्ताव आधी ऑस्ट्रेलियाकडे गेला होता. मुदतीत निधीची हमी देणं त्या देशाला जमलं नाही आणि संधी भारताकडे आली. हॅनफर्डसाठी तयार झालेला यंत्रभागांचा एक पूर्ण संच भारतासाठी राखून ठेवला गेला. अमेरिकेने त्याची किंमत सुमारे ८ कोटी डॉलर धरली आहे.

भारतात हे काम अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या पैशातून होतं. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय या चार संस्थांनी जबाबदारी वाटून घेतली आहे. प्लाझ्मा संस्थेला मोठ्या निर्वात पात्रांचा अनुभव आहे; फ्रान्समधल्या ‘ईटर’ या सात भागीदारांच्या अणुसंमीलन प्रकल्पासाठी भारताने भलंमोठं क्रायोस्टॅट, म्हणजे अतिशीत निर्वात पात्र, पुरवलं ते याच संस्थेच्या देखरेखीखाली. इंदूरचं केंद्र लेझरमधलं जाणकार. एका प्रकल्पात शिकलेलं कसब दुसऱ्या प्रकल्पात कामी येतं, आणि पैसा बहुतांशी देशातल्या कारखान्यांत खर्च होतो. कोट्यवधींचा धनादेश परदेशी पाठवून मोकळं होणं हा या भागीदारीचा प्रकार नाही. प्रत्येक देश आपल्या वाट्याचं काम, वस्तू आणि माणसं घालतो.

आखाड्यावर काका हळदीच्या मजुरीबद्दल बोलत होते. पूर्वी सावड असायची. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या, आणि बैल, औतं, हात सगळे मिळून. कुणी किती दिलं याचा पैशात हिशेब नव्हता, पण ज्याची पाळी आली त्याने यायचंच, हा नियम पक्का होता. मोठी वैज्ञानिक यंत्रं जगात आज याच नियमावर उभी आहेत. युरोपातल्या ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेत भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभी राहते आहे. भारताने तिच्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि तिच्या नियंत्रण प्रणालीच्या कामात पुण्याच्या ‘एनसीआरए’ या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचा मोठा वाटा आहे. उलट खोडदच्या जीएमआरटीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना भारताने उभारले, पण दुर्बिणीचा वेळ जगातल्या कुणालाही प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो. आज आपण त्यांच्या रानात, उद्या ते आपल्या.

पाळी चुकवली की काय होतं हेही पाहायला मिळालं आहे. अमेरिकेत २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोला पैसा पुरवणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा निधी निम्म्याहून अधिक कापावा आणि लायगोच्या दोनपैकी एकच वेधशाळा चालवावी असं सुचवलं गेलं. शास्त्रज्ञ हादरले, कारण एक बंद झाली तर उरलेल्यांचीही नजर मंदावते. हिंगोलीचं यंत्र त्या दोघींच्या सोबतीनेच काम करणार आहे. आपल्या बाजूनेही दिरंगाई झाली. तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारी २०१६ ला मिळाली, पहिल्या शोधाच्या घोषणेनंतर सहाच दिवसांनी, आणि त्याच वर्षीच्या ३१ मार्चला करारही झाला. पण पूर्ण निधीची मंजुरी यायला सात वर्षं लागली. दरम्यान पहिल्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळून गेलं आणि लहरींच्या नोंदी नव्वदपर्यंत पोहोचल्या. सामाईक कामात पैशाच्या रकमेइतकंच तो वेळेवर आणि सलग येण्याला महत्त्व आहे. लायगोला १९९० मध्ये अमेरिकेत हिरवा कंदील मिळाला, २००२ ते २०१० या काळात पहिल्या यंत्राला काहीच सापडलं नाही, आणि तरीही सरकारने हात आखडता घेतला नाही. त्या पंचवीस वर्षांच्या धीराचं फळ २०१५ मध्ये आलं.

आता मुकुंदवाडीतल्या प्रश्नाचा हिशेब. २६०० कोटी रुपये १४० कोटी माणसांत विभागले तर माणशी साडेअठरा रुपये होतात, तेही बांधकामाच्या सगळ्या वर्षांत मिळून. पाण्याचा पैसा या कामाकडे वळला, असं हा आकडा पाहून म्हणता येत नाही. मराठवाड्याच्या पाण्याची लढाई स्वतंत्र आहे आणि ती तितक्याच जोराने लढायला हवी. पण मागास भागाने फक्त पोटापाण्याचंच मागावं आणि ज्ञानाची मोठी कामं पुण्या-मुंबईत व्हावीत, हे मला मान्य नाही. हिंगोलीच्या वाट्याला आलेलं हे काम जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

आणि काकांचा प्रश्न, पोरांना काय मिळणार? याचं उत्तर आपोआप मिळणार नाही. ते मागून घ्यावं लागेल. देशात १९८८ मध्ये आयुका स्थापन झाली ती याच विचाराने की प्रत्येक विद्यापीठाला महागडी साधनं घेणं परवडत नाही, तेव्हा सगळ्यांसाठी एक सामाईक केंद्र असावं. जयंत नारळीकरांनी त्याला आकार दिला आणि लहान गावांतल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना तिथं हक्काची जागा मिळाली. तोच हक्क दुधाळ्याच्या वेधशाळेत मराठवाड्याला मिळायला हवा. निर्वात तंत्रज्ञान, लेझर, वेल्डिंग, शीतकरण, संगणक यांत इथल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मुलं तयार करायला आज सुरुवात केली, तर २०३० पर्यंत ती तयार होतील. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळावं, कारण बसमधल्या त्या सरांसारखे लोक रोज मुलांच्या प्रश्नांना सामोरे जात आहेत. आणि त्यासाठी वेधशाळेची वाटही पाहायला नको. लायगोची मोजमापं ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली केली जातात. २०१५ ची ती पहिली लहर मुकुंदवाडीतली मुलगीही आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकते आणि तिचा आलेख स्वतः काढू शकते.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. सकाळी लवकर मुकुंदवाडीहून निघावं, औंढ्याला मुक्काम करावा, नागनाथाचं दर्शन, नर्सी आणि सिद्धेश्वर धरण एकत्र पाहावं, येताना लोणारकडे वळावं. प्रकल्पाच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नये. मुलांना मात्र बरोबर जरूर न्यावं आणि माळावर उभं करून भुजांच्या दिशा दाखवाव्यात.

मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा माझं मत पक्कं झालं होतं. कुणाही एका देशाला हे ज्ञान एकट्याने मिळवता येत नाही, म्हणून ते सगळ्यांनी मिळून मिळवायचं आणि त्याचा भार सार्वजनिक पैशानेच उचलायचा. आपण या कामात बरोबरीचे भागीदार आहोत. तेव्हा बरोबरीच्या भागीदाराने मागावं तसं आपण सरकारकडे दोन गोष्टी मागू या: २६०० कोटींचा प्रत्येक हप्ता वेळेवर, आणि दुधाळ्याच्या नियंत्रण कक्षात हिंगोली, परभणी, जालन्याच्या मुला-मुलींसाठी जागा.